दोन मॅग्नेटोमीटर आणि एक बलरेषा: जमिनीवरून प्लाझ्माची घनता कशी काढायची

पृथ्वीच्या चुंबकावरणातल्या प्लाझ्माची, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन यांच्या विद्युतभारित वायूची, घनता मोजायची तर उपग्रहच हवा, अशी बहुतेकांची समजूत असते. उपग्रह उत्तम मोजतो, यात वाद नाही. पण तो ज्या क्षणी ज्या जागी असतो तिथलंच सांगतो आणि तासाभरात दुसरीकडे निघून जातो. जमिनीवर उत्तर-दक्षिण दिशेत शे-दोनशे किलोमीटरच्या अंतराने ठेवलेले दोन मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणं) मात्र जागचे हलत नाहीत. दिवसभर दर काही मिनिटांनी ते डोक्यावरच्या एकाच बलरेषेबद्दल सांगत राहतात. त्यांच्या नोंदींतून घनतेचा आकडा कसा काढायचा ते मी इथे लिहितो आहे. हे काम मी विद्यार्थ्यांकडून करून घेतो, त्यामुळे लोक नेमके कुठे अडतात ते मला ठाऊक आहे. अडतात ते संगणकापाशी नाही. आलेख वाचताना अडतात, आणि नंतर मिळालेल्या आकड्यावर जरुरीपेक्षा जास्त विश्वास टाकताना अडतात.

आधी तत्त्व थोडक्यात. पृथ्वीची चुंबकीय बलरेषा एका गोलार्धातून निघते, विषुववृत्तावर उंच जाते आणि दुसऱ्या गोलार्धात उतरते. तिची दोन्ही टोकं आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, घट्ट धरलेली असतात, कारण आयनांबर विजेचं चांगलं वाहक आहे. अशी रेषा तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरू शकते. ताण चुंबकीय क्षेत्राचा, आणि वजन रेषेला चिकटून असलेल्या आयनांचं. तार जड झाली की स्वर उतरतो, म्हणजे प्लाझ्मा दाट झाला की वारंवारता कमी होते. या थरथरीचा वेग हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ साली मांडलेल्या तरंगांचा असतो: चुंबकीय क्षेत्र भागिले घनतेचं वर्गमूळ (आणि एक स्थिरांक). बलरेषेवर असे तरंग स्थिर उभे राहू शकतात, ही कल्पना जेम्स डंजी यांनी १९५४ मध्ये मांडली. गंमत म्हणजे त्या थरथरीची नोंद त्याच्या किती तरी आधीची आहे. १८५९ च्या मोठ्या चुंबकीय वादळात लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत फोटोग्राफीच्या कागदावर उमटलेल्या बारीक लहरींचं वर्णन बाल्फर स्टुअर्ट यांनी १८६१ मध्ये केलं होतं. त्या लहरी कशाच्या, हे कळायला पुढे जवळपास शंभर वर्षं गेली.

जमिनीवर या लहरी किती मोठ्या दिसतात? मध्यम अक्षांशावर एकूण चुंबकीय क्षेत्र ५०,००० नॅनोटेस्लाच्या आसपास असतं, आणि आपल्याला हवी असलेली थरथर एक नॅनोटेस्लाच्या मागेपुढे. आवर्तकाल साधारण दहा सेकंदांपासून दहा मिनिटांपर्यंत. या क्षेत्रातले लोक त्यांना पीसी ३ (१० ते ४५ सेकंद), पीसी ४ (४५ ते १५० सेकंद) आणि पीसी ५ (१५० ते ६०० सेकंद) अशी नावं देतात.

स्थानकांची जोडी निवडणं

बलरेषेचा पत्ता ‘एल’ या आकड्याने सांगतात. रेषा विषुववृत्तावर पृथ्वीच्या केंद्रापासून किती पृथ्वी-त्रिज्या दूर जाते, तो हा आकडा. एल ३ ची रेषा जमिनीला सुमारे ५४.७ अंश चुंबकीय अक्षांशावर भेटते. नवशिक्याने एल २ ते ४ या पट्ट्यातच काम सुरू करावं असं मी सुचवतो. त्याहून खाली, चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ, बलरेषा आयनांबरातून धड बाहेरच पडत नाहीत; एल १.५ च्या आसपास तर आयनांबरातल्या जड ऑक्सिजनचं ओझं एवढं वाढतं की सगळा हिशोब वेगळा होतो. आणि एल ५-६ च्या पलीकडे क्षेत्राचा आकार सौरवाऱ्याने इतका बदललेला असतो की साधं द्विध्रुवी (पृथ्वीला एक पट्टी-चुंबक मानणारं) सूत्र चालत नाही.

दोन्ही स्थानकं शक्यतो एकाच चुंबकीय रेखांशावर हवीत, काही अंशांचा फरक चालतो. उत्तर-दक्षिण अंतर १०० ते २५० किलोमीटर. फार जवळ घेतलीत तर दोघांतला फरक गोंगाटात बुडतो. फार लांब घेतलीत तर दोन्हीकडच्या लहरींचा एकमेकींशी मेळ राहत नाही. नोंदी फुकट मिळतात: इंटरमॅग्नेट आणि सुपरमॅग यांच्या एक सेकंदाच्या नोंदी, उत्तर युरोपातल्या ‘इमेज’ जाळ्याच्या दहा सेकंदांच्या नोंदी, कॅनडातलं कॅरिस्मा. इटलीपासून उत्तर फिनलंडपर्यंत पसरलेली एम्मा ही स्थानकांची रांग तर मुख्यतः याच कामासाठी जुळवलेली आहे. पहिल्या सरावाला एस्टोनियातलं तार्तू आणि फिनलंडमधलं नुर्मियार्वी ही जोडी बरी. दोघांमधला मध्यबिंदू एल ३ च्या थोडा बाहेर येतो.

एक मिनिटाच्या नोंदी घेऊ नका. त्या सगळ्यात सहज सापडतात, म्हणून मोह होतो. पण साठ सेकंदांनी एक नोंद असेल तर ८.३ मिलीहर्ट्झच्या वरचं काहीच दिसू शकत नाही, आणि एल ३ ला आपला शोध १५ मिलीहर्ट्झच्या आसपास आहे. दहा सेकंदांच्या नोंदीत ५० मिलीहर्ट्झपर्यंत दिसतं, तेवढं पुरतं. एक सेकंदाची मिळाली तर उत्तमच.

एका स्थानकाचा स्पेक्ट्रम का पुरत नाही

हा भाग समजला की अर्धं काम झालं. सरळ मार्ग असा वाटतो: एका स्थानकाची नोंद घ्या, फूरिए रूपांतर करा (कोणत्या वारंवारतेला किती ताकद आहे ते दाखवणारा स्पेक्ट्रम मिळतो), सगळ्यात उंच शिखर शोधा, तीच बलरेषेची वारंवारता. तसं नसतं. तारेला कोणीतरी छेडत असतं आणि छेडणाऱ्याची स्वतःची एक आवडती वारंवारता असते. दिवसा मध्यम अक्षांशांवर दिसणाऱ्या पीसी ३ लहरी बऱ्याचदा पृथ्वीच्या पुढ्यात, सौरवाऱ्यात तयार होऊन आत येतात. त्यांची वारंवारता, मिलीहर्ट्झमध्ये, सौरवाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राच्या (नॅनोटेस्लातल्या) आकड्याच्या सुमारे सहापट असते. क्षेत्र ५ नॅनोटेस्ला असेल तर ३० मिलीहर्ट्झ. तुमच्या स्पेक्ट्रममध्ये ३० ला ठसठशीत शिखर दिसतं, तुम्ही खूश होता आणि घनता काढता. मोजलेलं असतं सौरवाऱ्याचं क्षेत्र.

दोन स्थानकं घेतली की छेडणारा वजा होतो. तो दोघांनाही जवळजवळ सारखाच असतो. प्रत्येक स्थानकाच्या बलरेषेचा प्रतिसाद तेवढा वेगळा असतो. बारान्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दोन स्थानकांच्या आयामांचं (लहरींच्या उंचीचं) गुणोत्तर वापरून हे दाखवलं. वॉटर्स, मेंक आणि फ्रेझर यांनी १९९१ मध्ये कलांतर, म्हणजे एक लहर दुसरीच्या किती मागे पडते तो कोन, वापरलं, आणि आज मुख्यतः तीच पद्धत चालते.

कलांतर का काम करतं ते एका उदाहरणात पाहा. १५० किलोमीटर अंतरावरची दोन स्थानकं, मध्यबिंदू एल ३ वर. विषुववृत्ताच्या बाजूचं स्थानक एल २.९ वर, ध्रुवाच्या बाजूचं एल ३.१ वर. आतली रेषा आखूड, तिचा स्वर वरचा, समजा १६.७ मिलीहर्ट्झ. बाहेरची लांब, तिचा १३.५. आता १५ मिलीहर्ट्झची लहर आली. बाहेरच्या रेषेला ती स्वतःच्या स्वरापेक्षा जलद वाटते, म्हणून ती रेषा मागे पडते. आतल्या रेषेला तीच लहर संथ वाटते, म्हणून ती लहरीबरोबर चालते. त्यामुळे १५ च्या आसपास दोघींमधलं कलांतर सर्वांत जास्त. १० मिलीहर्ट्झला दोघी बरोबर चालतात, २५ ला दोघी सारख्याच मागे पडतात, दोन्हीकडे कलांतर शून्याकडे जातं. म्हणून कलांतराचं शिखर जिथे, ती मध्यबिंदूवरच्या बलरेषेची वारंवारता. छेडणाऱ्याची ताकद कुठे जास्त आहे याने इथे फारसा फरक पडत नाही.

प्रत्यक्ष काम

उत्तर-दक्षिण घटक घ्या. नोंद भौगोलिक दिशांत असेल तर ती चुंबकीय उत्तरेला वळवा. विद्यार्थी विचारतात, बलरेषा पूर्व-पश्चिम हलते ना, मग पूर्व घटक का नाही? कारण आयनांबर मध्ये आहे. त्यातून खाली येताना लहरीची दिशा नव्वद अंशांनी फिरते, आणि वरची पूर्व-पश्चिम थरथर जमिनीवर उत्तर-दक्षिण होऊन उमटते.

पुढे नोंदीतले उघड खोटे खिळे (क्षणभराच्या उंच उसळ्या) काढून टाका. एखादी मोटार जवळून गेली तरी खिळा उमटतो. मग प्रत्येक नोंदीतून आधीची नोंद वजा करून फरकांची मालिका बनवा. चुंबकीय स्पेक्ट्रम कमी वारंवारतेला प्रचंड आणि वर झपाट्याने उतरता असतो, फरक घेतल्यावर तो बऱ्यापैकी सपाट होतो. दोन्ही स्थानकांना हेच केल्यामुळे कलांतर बिघडत नाही.

मालिकेचे ३० मिनिटांचे तुकडे करा. ३० मिनिटांत वारंवारतेचं विभेदन ०.५६ मिलीहर्ट्झ मिळतं. त्याहून लहान तुकडा घेतला तर शिखर जाड होतं, मोठा घेतला तर दरम्यान घनताच बदलते. तुकडा दर ५ किंवा १० मिनिटांनी पुढे सरकवा, टोकांना हॅन खिडकीने उतार द्या, दोन्ही स्थानकांचं फूरिए रूपांतर काढा आणि एकाचं दुसऱ्याच्या संयुग्माशी गुणा. हे गुणाकार शेजारच्या चार-पाच वारंवारतांवर आणि लागोपाठच्या काही तुकड्यांवर सरासरी करा. सरासरी गुणाकाराचीच घ्यायची, कोनांची नाही. कोनांची सरासरी घेतलीत तर १७९ आणि उणे १७९ मिळून शून्य येतं. सरासरीनंतरच कोन काढा, सोबत कोहेरन्स (दोन्ही नोंदींचा मेळ किती, ० ते १ या मापाने) काढा. कोहेरन्स ०.५ च्या खाली असेल तिथले कोन मी पुसून टाकतो. हा आकडा शास्त्राने दिलेला नाही, माझ्या सवयीचा आहे.

आता सगळ्या दिवसाचं एक रंगीत चित्र काढा: आडवी वेळ, उभी वारंवारता, रंग कलांतराचा. सकाळी स्थानिक ६-७ पासून संध्याकाळपर्यंत एक आडवा पट्टा दिसला पाहिजे. तो पट्टा म्हणजे तुमची बलरेषा. एखाद्या तुकड्यात शिखर दिसलं आणि शेजारच्या तुकड्यांत नाही, तर ते सोडून द्या. माझा आग्रह असतो की हे चित्र कागदावर छापून पेन्सिलीने पट्ट्याची मधली रेषा ओढावी, संगणकाचं आपोआप शोधणारं साधन त्यानंतर. साधन प्रत्येक उभ्या कापात काही ना काही शिखर शोधतंच. पट्टा नाही हे ते कधी सांगत नाही.

खातरजमेला आयामांचं गुणोत्तर पाहा. ध्रुवाकडचं भागिले विषुववृत्ताकडचं असं घेतलं तर शिखराच्या खाली ते एकाहून जास्त आणि वर एकाहून कमी व्हायला हवं, आणि ओलांडण्याची जागा कलांतराच्या शिखराजवळ असायला हवी. जमिनीखालच्या खडकांची वाहकता दोन ठिकाणी वेगळी असते, म्हणून ओलांडणी नेमकी एकावरच होईल असं नाही. वरून खाली येणारा उतार महत्त्वाचा.

घड्याळाकडेही लक्ष द्या. एका स्थानकाचं घड्याळ एका सेकंदाने पुढे असेल तर १५ मिलीहर्ट्झला ५.४ अंशांचं खोटं कलांतर येतं, ६० ला २१.६ अंशांचं. ही चूक लपत नाही, कारण ती वारंवारतेबरोबर सरळ रेषेत वाढते. कलांतराची पार्श्वभूमी सपाट नसून तिरकी दिसली की आधी घड्याळ तपासा. तिरकी रेषा वजा केली की शिखर बहुधा वाचवता येतं.

वारंवारतेपासून घनतेपर्यंत

समजा एल ३ साठी १५ मिलीहर्ट्झ मिळाले. घाईचा मार्ग असा: लहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला किती वेळ घेते ते काढायचं, दुप्पट करायचं, तो आवर्तकाल. कागदावर हे सुंदर दिसतं. द्विध्रुवी क्षेत्रात काही पदं एकमेकांना छेदतात आणि फक्त कोसाइनच्या घाताचं संकलन उरतं. पण मूळ (सगळ्यात खालच्या) स्वराला हा मार्ग वापरू नका. लहरीची लांबी रेषेएवढीच मोठी असताना ‘प्रवासाचा वेळ’ ही कल्पनाच डळमळते. त्याऐवजी तरंग-समीकरण सोडवा. ते फार अवघड नाही.

चुंबकीय अक्षांशाच्या साइनला झेड म्हणा. घनता विषुववृत्तापासून टोकांकडे त्रिज्येच्या व्यस्त एम घाताने वाढते असं धरा. मग विस्थापनाच्या (नेमकं सांगायचं तर विद्युत क्षेत्राच्या) दुसऱ्या अवकलाचं समीकरण असं होतं: दुसरं अवकल अधिक के-वर्ग गुणिले (१ − झेड-वर्ग) चा (६ − एम) वा घात गुणिले मूळ फल, बरोबर शून्य. टोकांना फल शून्य; टोक म्हणजे झेड-वर्ग = १ − १/एल. मूळ स्वर दोन्ही बाजूंना सारखा असतो, म्हणून मधोमध फल १ आणि उतार शून्य घेऊन सुरुवात करा, छोट्या पावलांनी टोकापर्यंत जा, शेवटी शून्य येईपर्यंत के-वर्ग बदलत राहा. स्प्रेडशीटमध्येही होतं.

एम = १ घेतला तर के-वर्ग एल २ ला सुमारे ६.४, एल ३ ला ५.२ आणि एल ४ ला ४.७ येतो. स्वतः काढून या आकड्यांशी ताडून पाहा, तुमची आज्ञावली बरोबर आहे की नाही ते लगेच कळेल. त्यानंतरचं सूत्र, पृथ्वीचं विषुववृत्तीय क्षेत्र ३०,००० नॅनोटेस्ला आणि त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून, एका ओळीचं:

घनता = २६.९ कोटी × के-वर्ग ÷ (वारंवारतेचा वर्ग × एलचा आठवा घात)

वारंवारता मिलीहर्ट्झमध्ये, उत्तर एका घनसेंटिमीटरमधल्या अणुवस्तुमान एककांत. एल ३, १५ मिलीहर्ट्झ: वरती २६.९ कोटी गुणिले ५.१८, खाली २२५ गुणिले ६,५६१. उत्तर सुमारे ९४०. हेच प्रवासाच्या वेळाने काढलं असतं तर के-वर्ग १०.४ आला असता आणि घनता १,८९० च्या आसपास, म्हणजे दुप्पट. मोजमाप उत्तम, गणितात आळस, आणि आकडा दुप्पट.

त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा

घनता वारंवारतेच्या व्यस्त वर्गात जाते. वारंवारता ५ टक्के चुकली तर घनता १० टक्के. हे सगळ्यांना दिसतं. एलचा आठवा घात मात्र नजरेतून सुटतो. एल २ टक्क्यांनी चुकला, ३ ऐवजी ३.०६ घेतला, तर त्या घातामुळे घनता सुमारे १५ टक्क्यांनी कमी येते. त्यामुळे भौगोलिक अक्षांशावरून अंदाजाने एल ठरवू नका. आयजीआरएफ हे पृथ्वीच्या क्षेत्राचं प्रमाण गणित वापरा, त्या वर्षाचे गुणांक घ्या, आणि मध्यबिंदूवरून बलरेषा प्रत्यक्ष आखून ती किती लांब जाते ते काढा. दुपारभर वारंवारतेच्या तिसऱ्या दशांश स्थळासाठी झगडणारे लोक एल मात्र जुन्या तक्त्यातून उचलतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

एमबद्दल मात्र फार काळजी नको. एल ३ ला एम १ चा ३ केला तरी विषुववृत्तावरची घनता जेमतेम १० टक्क्यांनी घटते. मूळ स्वर मुख्यतः विषुववृत्ताजवळच्या वजनावर चालतो, टोकांचं वजन त्याला फारसं जाणवत नाही. एम खरोखर हवाच असेल तर दुसरा स्वर शोधा. साध्या तारेत तो दुप्पट असतो, इथे एम = १ ला अडीचपटीच्या आसपास येतो; गुणोत्तर नेमकं किती यावरून एमचा अंदाज बांधता येतो. दुसरा स्वरच मूळ समजून वाचलात तर घनता सहापट कमी येईल. ती चूक पकडायचा मार्ग पुढे येतो.

जे मिळालं ती वस्तुमानाची घनता आहे, इलेक्ट्रॉनांची संख्या नाही. दोन्ही आकडे एकच असल्यासारखे लिहिलेले पाहिले की मी लाल शाई काढतो. समजा आयनांत ९० टक्के हायड्रोजन, ८ टक्के हेलियम आणि २ टक्के ऑक्सिजन आहे. सरासरी वस्तुमान होतं ०.९० + ०.३२ + ०.३२, म्हणजे १.५४. आपले ९४० मग इलेक्ट्रॉनांत मोजले तर ६१० च होतात. दोन टक्के ऑक्सिजन आठ टक्के हेलियमएवढं वजन टाकतो, हे ध्यानात ठेवा.

इलेक्ट्रॉनांची संख्या वेगळ्या मार्गाने मिळाली, उदाहरणार्थ विजांपासून निघून बलरेषेवरून जाणाऱ्या व्हिसलर लहरींतून किंवा २०१२ ते २०१९ मध्ये फिरलेल्या व्हॅन ॲलन प्रोब्ससारख्या यानांतून, तर तिने भागून सरासरी आयन-वस्तुमान काढता येतं. खरं सांगायचं तर या पद्धतीची खरी कमाई तिथे आहे. जड आयन किती, हे दुसरीकडून इतक्या सहज कळत नाही. काहीच हाताशी नसेल तर कार्पेंटर आणि अँडरसन यांचं १९९२ चं सूत्र ताळा म्हणून वापरा: इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा दहाच्या पायाचा लॉग = ३.९०४३ − ०.३१४५ × एल. एल ३ ला ते ९१४ देतं. हे सरासरी चित्र आहे, त्यावरून आयन-वस्तुमान काढू नका. पण मोजलेल्या इलेक्ट्रॉन-घनतेशी ताडल्यावर वस्तुमान एकाच्या खाली आलं तर काहीतरी नक्की चुकलंय, कारण हायड्रोजनहून हलका आयन नाही. बहुतेक वेळा दुसरा स्वर मूळ समजलेला असतो, नाहीतर एल जास्त धरलेला असतो.

जिथे पट्टा उलटा होतो

आतापर्यंत बाहेरची रेषा मंद असं धरलं. प्लाझ्मास्फिअरची (पृथ्वीभोवतीच्या दाट, थंड प्लाझ्माच्या भागाची) कड, म्हणजे प्लाझ्मापॉज, तुमच्या दोन स्थानकांच्या मधून जात असेल तर हे उलटतं. तिथे घनता एकदम कोसळते, बाहेरची रेषा लांब असूनही हलकी, म्हणून तिचा स्वर वर जातो. चित्रात कलांतराचा रंग उलटा येतो. तारा उलट्या जोडल्या की काय म्हणून उपकरणाला दोष देण्याआधी गेल्या २४ तासांतला सगळ्यात मोठा केपी निर्देशांक (चुंबकीय खळबळीचं ० ते ९ हे माप) पाहा. प्लाझ्मापॉज साधारण ५.६ − ०.४६ × केपी या एलवर असतो: केपी ३ असेल तर ४.२, केपी ६ असेल तर २.८. उलटा रंग तिथेच पडत असेल तर अभिनंदन, तुम्हाला प्लाझ्मापॉज सापडला आहे. तिथे घनता काढायचा हट्ट धरू नका, फक्त वेळ आणि जागा टिपून ठेवा.

पहाट आणि संध्याकाळ हा दुसरा फसवा भाग. रेषेचं एक टोक उजेडात आणि दुसरं अंधारात असलं की अंधारातलं आयनांबर वाहक राहत नाही, ते टोक सुटल्यासारखं हलतं. मग अर्ध्या लहरीऐवजी पाव लहर उभी राहते आणि वारंवारता घसरते. तिला नेहमीसारखं सूत्र लावलं तर घनता चौपटीपर्यंत फुगते. सूर्योदयानंतर पट्टा झपाट्याने वर चढताना दिसला तर घनता घटली असं लिहू नका, आधी दुसऱ्या गोलार्धातल्या टोकाला सूर्य उगवला का ते बघा. हिवाळ्या-उन्हाळ्याच्या टोकांना हा घोळ जास्त वेळ चालतो. माझ्या तक्त्यात दोन्ही टोकं उजेडात असतानाचेच आकडे जातात.

शांत दिवसाचा पट्टा नीट वाचता आला की वादळानंतरचे सात-आठ दिवस सलग घ्या. वादळात बाहेरच्या बलरेषा रिकाम्या होतात आणि मग आयनांबरातून हळूहळू भरत जातात. एल ३ ची वारंवारता १५ वरून २१ मिलीहर्ट्झवर गेली असेल तर वजन निम्म्यावर आलं आहे. रोज दुपारच्या त्याच दोन तासांची मधली वारंवारता घ्या, घनता काढा, शेजारी त्या दिवसाचा सगळ्यात मोठा केपी लिहा. भरण्याचा वेग एल ३ आणि एल ४ ला सारखा नसतो. बाहेरच्या रेषेच्या नळीत खूप जास्त जागा असते आणि आयनांबराकडून येणारी धार मात्र तेवढीच, म्हणून ती मागे राहते. त्यासाठी दुसरी जोडी लागेल, आणि दोन्ही जोड्यांना तोच तुकडा, तीच खिडकी, तोच एम ठेवावा लागेल, नाहीतर दोघींतला फरक प्लाझ्माचा की तुमच्या आज्ञावलीचा हे सांगता येणार नाही.